कोणत्या हवेत राहिलात?

सासूबाईंचा खोकला दसऱ्याच्या सुमारास सुरू झाला आणि संक्रांत आली तरी हटला नाही. ब्रॅम्प्टनच्या थंडीत खोकला कुणाला नसतो? हीटर लागला की घसा कोरडा पडतो, नातवंडं शाळेतून सर्दी घेऊन येतात. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं, वॉक-इन क्लिनिकमधून दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. फेब्रुवारीत जिना चढताना त्या मधल्याच पायरीवर कठडा धरून उभ्या राहू लागल्या, तेव्हा कुठे छातीचा एक्स-रे काढला गेला. साडेचार महिने गेले होते.

मोठ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा दुभाषी म्हणून मीच शेजारी बसले. डॉक्टरीणबाई 'मास' म्हणाल्या, मी 'गाठ' म्हटलं. त्यांनी 'सस्पिशियस' म्हटलं, मी 'जरा तपासायला हवं' म्हटलं. मग त्यांनी कॅन्सर हा शब्द उच्चारला आणि मी पुढच्या तारखेबद्दल बोलू लागले. परतताना गाडीत आई बराच वेळ गप्प होत्या. हायवेला लागल्यावर म्हणाल्या, "कॅन्सर म्हणाल्या ना त्या? तो शब्द आपल्याकडेही तोच आहे गं."

ही पुस्तिका त्या गाडीतून सुरू झाली. कॅनडात राहणाऱ्या मराठी घरांना फुफ्फुसाचा कॅन्सर कसा ओळखायचा, इथे त्याचं निदान कोणत्या वाटेने होतं, उपचार काय आहेत आणि त्यांचा खर्च कोण उचलतं, हे आपल्या भाषेत एका जागी मिळावं एवढाच तिचा हेतू आहे. औषधांचा आणि तपासण्यांचा तपशील पुढच्या प्रकरणांत आहे. प्रस्तावनेत मला एका प्रश्नाबद्दल लिहायचं आहे.

आईंचं निदान कळलं आणि पुण्याहून, साताऱ्याहून, न्यू जर्सीहून फोन आले. प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच: "पण त्या तर कधी ओढत नव्हत्या!" त्यात आपुलकी होती, पण 'ओढणाऱ्याला झाला असता तर समजण्यासारखं होतं' असा एक अर्थही दडलेला होता. सिगारेट ओढणाऱ्या माणसाला हा आजार झाला की आपण त्याच्याकडे आरोपीसारखं बघतो, आणि न ओढणाऱ्याच्या बाबतीत तो शक्यच नाही असं धरून चालतो. दोन्हीकडे निदानाला उशीर होतो. पहिला लाजेने डॉक्टरकडे जात नाही, दुसऱ्याला कुणी पाठवत नाही.

आईंना वेगळं विचारणारी पहिली व्यक्ती म्हणजे रुग्णालयातली नर्स, जिला इथे 'नर्स नॅव्हिगेटर' म्हणतात. तिने फोनवर विचारलं: लहानपणी घरात स्वयंपाक कशावर व्हायचा? घराचं छप्पर कसलं होतं? नवरा ओढायचा का? कामावर धूळ असायची का? आणि इथे कॅनडात कितव्या मजल्यावर झोपता? आई उत्तरं देत गेल्या आणि मी भाषांतर करत गेले. चूल, शेणी, तुरकाठ्या. मग चाळीतल्या खोलीवर सिमेंटचे पत्रे. सासऱ्यांच्या बिड्या, रोज एक बंडल. आणि गेली नऊ वर्षं आमच्या घराचं बेसमेंट. सत्तर वर्षं त्या कोणत्या हवेत राहिल्या, याचा तो हिशेब होता.

सिगारेटचा दोष कमी करून दाखवावा असं मला मुळीच वाटत नाही. कॅनडातल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरपैकी सुमारे सत्तर टक्के धूम्रपानामुळे होतात. तरीही उरलेले टक्के लहान नाहीत. २०२४ साठी कॅनडाचा अंदाज होता ३२,१०० नवे रुग्ण आणि २०,७०० मृत्यू. या देशात सर्वाधिक बळी घेणारा कॅन्सर हाच. निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण शंभरात बावीसच्या आसपास आहे, आणि त्याचं मोठं कारण असं की जवळपास निम्म्या लोकांना आजार कळतो तेव्हा चौथी स्टेज असते. फुफ्फुसाच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. गाठ गुपचूप वाढत राहते आणि फुफ्फुसावरच्या आवरणाला, बरगडीला किंवा नसेला भिडली की मग दुखतं.

कॅनडाचा इतिहास वाचताना मला जाणवलं की नर्सचा तो प्रश्न या देशाने फार मोठी किंमत मोजून शिकलेला आहे. न्यूफाउंडलंडच्या सेंट लॉरेन्स गावात १९३० च्या दशकात फ्लोरस्पार या खनिजाच्या खाणी सुरू झाल्या. खाणकामगार एकामागोमाग एक छातीच्या आजाराने गेले. १९६० च्या सुमारास उलगडा झाला की खाणीत झिरपणाऱ्या पाण्यातून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू येतो आणि तोच त्यांना मारतो आहे. ओंटॅरिओत एलियट लेकच्या युरेनियम खाणींत तीच गोष्ट. तिथल्या कामगारांनी १९७४ साली संप केला, जेम्स हॅम यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला, १९७६ मध्ये अहवाल आला. आज ओंटॅरिओतल्या कुठल्याही गोदामात वा कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या मुलाला धोक्याचं काम नाकारण्याचा कायदेशीर हक्क आहे, त्याचं मूळ त्या अहवालात आहे. क्यूबेकमध्ये तर एका गावाचं नावच ॲस्बेस्टॉस होतं. तिथल्या जेफ्री खाणीचं आणि तशाच इतर खाणींचं ॲस्बेस्टॉस वर्षानुवर्षं बोटींतून भारतात जायचं, आणि आपल्याकडे त्याचे सिमेंटचे पत्रे व्हायचे. फुफ्फुसाचा कॅन्सर करणाऱ्या या ॲस्बेस्टॉसवर कॅनडाने २०१८ मध्ये बंदी आणली. २०२० मध्ये त्या गावाने नाव बदलून 'व्हॅल-दे-सूर्स' केलं. आईंच्या चाळीवरचे पत्रे कुठल्या खाणीतून आले होते हे आता कळायचं नाही, पण नर्सने छपराबद्दल का विचारलं ते मला तेव्हा समजलं.

आणि हेदर क्रो. प्रत्येक मराठी घरात हे नाव माहीत व्हावं असं मला वाटतं. ऑटवातली ही वेट्रेस चाळीस वर्षं हॉटेलांत टेबलं सांभाळत होती. आयुष्यात एक सिगारेट ओढली नाही. दुसऱ्यांनी ओढलेल्या सिगारेटींचा धूर मात्र रोज छातीत घेतला. २००२ मध्ये तिला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. तिने कामगार भरपाईसाठी दावा केला आणि तो मान्य झाला. मग केमोच्या फेऱ्यांमधून ती देशभर हिंडली, लोकप्रतिनिधींना भेटली, टीव्हीवरच्या सरकारी जाहिरातीत स्वतः बोलली. २२ मे २००६ रोजी ती गेली. ओंटॅरिओत कामाच्या जागी आणि हॉटेलात धूम्रपान बंद करणारा कायदा ३१ मे २००६ ला लागू झाला, नऊ दिवसांनी. ब्रॅम्प्टनच्या रेस्टॉरंटमध्ये मुलांना घेऊन स्वच्छ हवेत जेवताना मला तिची आठवण येते.

आता बेसमेंट. इथे मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण आपल्या लोकांचा तिथे फार वावर. नवा आलेला विद्यार्थी बेसमेंटमध्ये, नव्याने घर घेतलेल्यांचा भाडेकरू बेसमेंटमध्ये, आणि गावाहून आलेल्या आईवडिलांची खोलीही बहुधा बेसमेंटमध्येच. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडॉन तयार होतो, फरशीच्या भेगांतून आणि पाइपांभोवतीच्या फटींतून घरात शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिवाळ्यात खिडक्या बंद असल्या की तो साचतो. कॅनडात फुफ्फुसाच्या कॅन्सरचं धूम्रपानाखालोखाल दुसरं कारण हेच, आणि दरवर्षी तीन हजारांहून जास्त मृत्यू त्याच्या खात्यावर जातात. केंद्रीय आरोग्य खात्याचा हिशेब असा आहे की रेडॉनचं प्रमाण जास्त असलेल्या घरात आयुष्य काढणाऱ्या, पण न ओढणाऱ्या माणसाला हा कॅन्सर होण्याचा धोका विसात एक; तोच माणूस ओढत असेल तर तिनात एक.

तपासणी सोपी आहे. हॉकी खेळतात तसल्या चकतीसारखी एक छोटी काळी डबी मिळते. घरातल्या सगळ्यात खालच्या वापरातल्या खोलीत, खिडकीपासून आणि हीटरच्या झोतापासून दूर, माणूस बसतो-झोपतो त्या उंचीवर ती ठेवायची. ऑक्टोबर ते एप्रिलच्या दरम्यान, किमान तीन महिने. मग प्रयोगशाळेला पाठवायची. आमची डबी आईंच्या देवघराच्या फळीवर, समईशेजारी होती. कॅनडाची मर्यादा घनमीटरमागे २०० बेकरेल आहे, आमचा आकडा तिच्या वर आला. फरशीला भोक पाडून पाइप बसवला, त्याला एक पंखा लावला, तो जमिनीखालची हवा ओढून घराबाहेर सोडतो. रात्री कान दिला तर त्याची बारीक घरघर ऐकू येते. आईंची गाठ रेडॉनने झाली, चुलीने झाली, बिडीच्या धुराने झाली की आणखी कशाने, हे कुठलाही डॉक्टर सांगू शकला नाही, आणि एका माणसाच्या बाबतीत ते सांगताही येत नाही. तरी ती डबी नऊ वर्षांपूर्वी ठेवायला हवी होती, हे माझ्या मनातून जात नाही.

लक्षणांबद्दल पहिल्या प्रकरणात सविस्तर आहे, इथे थोडक्यात. तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, किंवा जुन्या खोकल्याचा बदललेला आवाज. थुंकीत रक्ताचा एखादा धागा. पूर्वी न लागणारी धाप. बसलेला आणि न सुटणारा आवाज. खांद्यात किंवा बरगडीत ठाण मांडून बसलेलं दुखणं. भूक मरणं, वजन उतरणं. एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया. बोटांची टोकं फुगीर होणं. यातलं काही असेल तर "एक्स-रे काढू या का?" हे डॉक्टरांना आपण होऊन विचारा. आणि एक्स-रे स्वच्छ आला तरी लक्षणं गेली नाहीत तर सीटीचं विचारा. हृदयामागे किंवा बरगडीआड लपलेली गाठ साध्या एक्स-रेत सुटू शकते.

थुंकीत रक्त म्हटलं की मराठी माणसाला आधी टीबी आठवतो. ते चूक नाही. पण भारतात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे कितीतरी रुग्ण आधी काही महिने टीबीच्या गोळ्या खाऊन मग खऱ्या निदानापर्यंत पोचतात, कारण एक्स-रेवर दोन्हींचे डाग सारखे दिसू शकतात. जुन्या टीबीचा व्रण ज्यांच्या छातीत आहे त्यांनी इथल्या डॉक्टरांना ते सांगावं, जुनी फिल्म असेल तर पुढच्या खेपेला भारतातून घेऊनच यावी. डाग दहा वर्षं तसाच आहे की आता वाढतोय, हे ती फिल्म सांगते.

दुभाष्याचं काम करणाऱ्या मुला-सुनांना एक विनंती. डॉक्टरांनी धूम्रपानाबद्दल विचारलं की आपण "तुम्ही सिगारेट ओढता का?" असं विचारतो, आणि बाबा खरं तेच सांगतात, "नाही." बिडीचं विचारा, चिलमीचं, हुक्क्याचं विचारा, आणि वीस वर्षांपूर्वी सोडली असेल तर तेही. कारण त्या उत्तरावर पुढचं बरंच अवलंबून आहे. ओंटॅरिओत ५५ ते ८० वयाच्या, एकूण वीस वर्षं तरी रोज सिगारेट ओढलेल्या माणसांसाठी चाळणी तपासणी आहे. ब्रिटिश कोलंबियाने २०२२ मध्ये ५५ ते ७४ वयासाठी प्रांतभर सुरू केली. कमी किरणांचा सीटी, काही मिनिटांचं काम, लक्षण दिसण्याआधीच. २०११ मध्ये अमेरिकेत त्रेपन्न हजारांवर लोकांच्या अभ्यासातून कळलं होतं की अशा सीटीने या कॅन्सरचे मृत्यू एक्स-रेच्या तुलनेत वीस टक्क्यांनी कमी होतात. सीटीत दिसणारे बहुतेक ठिपके निरुपद्रवी असतात; कुठल्या ठिपक्याला घाबरायचं ते ठरवण्याचं एक गणित कॅनडातच, सेंट कॅथरिन्सच्या ब्रॉक विद्यापीठाच्या नावाने तयार झालं, आणि आता ते इतर देशांतही वापरतात.

गाठ दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा काळ सगळ्यात अवघड. सीटी, मग पेट स्कॅन, मग दुर्बीण किंवा बाहेरून सुई घालून तुकडा काढणं, मेंदूचा एमआरआय, आणि त्या तुकड्याची जनुकीय तपासणी. प्रत्येक पायरीला वेगळी तारीख, वेगळी इमारत, वेगळं पार्किंग. नातेवाईक भारतातून विचारत राहतात, "अजून काहीच सुरू नाही केलं?" ही वाट बघणं सोसत नाही हे मी जाणते. पण जनुकीय तपासणीचा अहवाल येण्याआधी घाईने भलताच उपचार सुरू होण्यापेक्षा ते दोन-तीन आठवडे मोलाचे असतात, हे मला आईंच्या बाबतीत दिसलं. मात्र तारीख फार लांबली तर नर्स नॅव्हिगेटरला फोन करायला संकोच करू नका. त्यासाठीच ती तिथे आहे.

शाळेतली मुलं दर सप्टेंबरला टेरी फॉक्सच्या नावाने धावतात, त्यामुळे त्याला फुफ्फुसाचा कॅन्सर होता असा गोंधळ घरात हमखास होतो. टेरीचा कॅन्सर हाडाचा होता. पाय गमावून तो १२ एप्रिल १९८० ला सेंट जॉन्सहून पळत निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर कापून थंडर बेजवळ थांबला, कारण आजार फुफ्फुसात उतरला होता. फुफ्फुसात पोचलेला हाडाचा कॅन्सर हा हाडाचाच कॅन्सर राहतो, त्याचं औषध वेगळं. म्हणून तर तुकडा काढून बघावा लागतो.

उपचारांची वाट तुकडा आणि स्टेज मिळून ठरवतात. लवकर सापडलं तर शस्त्रक्रियेने फुफ्फुसाचा तेवढा खण काढतात. ज्यांना शस्त्रक्रिया झेपत नाही त्यांना नेमका मारा करणारं रेडिएशन, ज्याला आपण शेक म्हणतो. शस्त्रक्रियेनंतर केमो द्यावी का, या प्रश्नाचं एक पक्कं उत्तर कॅनडातून आलं: ४८२ रुग्णांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि केमो घेतलेल्यांत पाच वर्षं जगणारे ५४ टक्क्यांवरून ६९ वर गेले. त्याच वर्षी टोरांटोच्या डॉ. फ्रान्सेस शेफर्ड यांच्या नेतृत्वाखालचा ७३१ रुग्णांचा अभ्यास आला. केमो थकलेल्या लोकांना एर्लोटिनिब नावाची गोळी दिली तर सरासरी दोन महिने जास्त मिळतात, एवढंच त्यात वरवर दिसलं. पण ज्यांना गोळी खूपच लागू पडली त्यांत कधीही न ओढलेले आणि आशियाई वंशाचे लोक जास्त होते. या लोकांच्या गाठीत बऱ्याचदा ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल असतो हे तेव्हा नुकतंच समजू लागलं होतं. आजच्या गोळ्या त्याहून पुढे गेल्या आहेत, आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलनेही या बदलाच्या रुग्णांवर स्वतःचे महत्त्वाचे अभ्यास केले आहेत. आईंच्या तुकड्यात हा बदल सापडला. त्या रोज एक गोळी घेतात. पुरळ येतं, तोंड येतं, पण जिना चढतात.

त्या गोळीवरून पैशांचं. शिरेतून दिलेलं औषध रुग्णालयात मोफत, पण घरी घ्यायच्या गोळीचा नियम प्रांतागणिक बदलतो. ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबा तिचा खर्च उचलतात. ओंटॅरिओत ६५ च्या आतल्या माणसाला आधी नोकरीचा विमा, मग ट्रिलियम या प्रांताच्या औषध-योजनेचा अर्ज असा फेरा घालावा लागतो, आणि गोळीची किंमत महिन्याला हजारो डॉलर असते. रुग्णालयात औषधखर्चाचे कागद बघणारा माणूस असतो. त्याला पहिल्याच आठवड्यात गाठा. सुपर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना तर प्रांताचं आरोग्य कार्डच नसतं, फक्त किमान एक लाख डॉलरचा खासगी विमा असतो. तो घेताना खोकला, धाप, जुना टीबी लपवू नका. लपवलेलं नेमकं दाव्याच्या वेळी वर येतं.

राहिलं सांगण्याचं. इथले डॉक्टर रुग्णालाच सांगतात, आणि आपल्या घरांना ते निष्ठुर वाटतं. मलाही वाटलं होतं. आता वाटतं की मी आईंचं रक्षण करत नव्हते, त्यांना त्यांच्याच खोलीबाहेर उभं करत होते. रुग्णालयाकडे प्रशिक्षित दुभाषी मागता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. लेकी-सुनेला मग लेक-सून म्हणून हात धरून बसता येतं. तसंच 'पॅलिएटिव्ह' शब्द ऐकून घाबरू नका. हा शब्द या अर्थाने रूढ केला मॉन्ट्रियलच्या डॉ. बाल्फोर माउंट यांनी. १९७५ मध्ये रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात त्यांनी असा विभाग उघडला. धाप, वेदना, झोप यांची काळजी घेणारी ही माणसं पहिल्या दिवसापासून सोबत असू शकतात. २०१० मध्ये बॉस्टनच्या एका अभ्यासात, फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या ज्या रुग्णांना ही सोबत लवकर मिळाली, ते इतरांपेक्षा सरासरी सुमारे पावणेतीन महिने जास्त जगले.

पुस्तिकेचा कच्चा खर्डा आईंनी वाचला. शेवटच्या शब्दसूचीत मी 'बायोप्सी'पुढे 'ऊतकाचा नमुना घेऊन केलेले परीक्षण' असं लिहिलं होतं. त्यांनी पेन्सिलने ते खोडलं आणि शेजारी लिहिलं: 'सुईने तुकडा काढतात. दुखतं, पण सोसवेल इतकंच. आदल्या रात्री जेवून घ्यावं.' छापताना ते तसंच ठेवलं आहे.